चपलांचं परमिट

आमच्या उपकेंद्रात कोणी पहिल्यांदा आलं की आधी टेबलाकडे बघायचं आणि मग माझ्याकडे. टेबलावर नोंदवही, फोन, पाण्याची बाटली, आणि या सगळ्याच्या मधोमध वर्तमानपत्र अंथरून त्यावर नीट मांडलेल्या चपला. कधी एक जोड, कधी तीन. एका वादळानंतर तर सात जोड होते आणि नोंदवही बिचारी खुर्चीवर बसली होती.

मी इथे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा या जागेत मी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "या चपला खाली ठेवा."

टेबलामागे पांढऱ्या मिशांचा एक किडकिडीत माणूस बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "चपला नाहीत त्या, साहेब. माणसं आहेत. वरती चढले आहेत."

सगळा तालुका त्यांना काकाजी म्हणायचा, मीही तेच म्हणते. काकाजी आमच्याकडे यंत्रचालक होते, म्हणजे ऑपरेटर. सडक अर्जुनीच्या महामार्गापासून थोडं आत, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मधे आमचं उपकेंद्र. दुरून मोठ्या दाबाची वीज इथे येते, तिचा दाब उतरवायचा आणि फीडर नावाच्या वाहिन्यांतून ती गावागावांत सोडायची, एवढं आमचं काम. कुठे बिघाड झाला की लाइनमन येऊन सांगणार, ऑपरेटर त्या फीडरचा ब्रेकर पाडणार, म्हणजे वीज तोडणार, आणि लाइनमनला 'परमिट' देणार: जा, लाइन मेली आहे, चढ. परमिट हा खरं तर कागद असतो. काकाजी कागदही भरायचे, पण कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"कागद उडते साहेब. कागदावर कोणीबी सही ठोकते. चपलेत ज्याचा पाय त्याचाच जाते."

त्यांचा नियम असा: वर चढणाऱ्यानं चपला टेबलावर ठेवायच्या, बूट घालून जायचं, फोन बंद करून पिशवीत टाकायचा, आणि काम झालं की स्वतः परत येऊन चपला पायात घालायच्या. 'काम झालं, चालू करा' असा फोन केला तर चालायचं नाही. दुसऱ्यानं येऊन चपला नेतो म्हटलं तरी नाही. चपला टेबलावर आहेत तोवर ब्रेकरला हात लागायचा नाही. या नियमापायी गावांना वीस-वीस मिनिटं जास्त ताटकळावं लागायचं आणि शिव्या मला खाव्या लागायच्या.

एकदा एका बड्या माणसाचा कार्यक्रम होता. मंडप, माईक, दहा कूलर, आणि नेमका तोच फीडर बंद. मला वरून फोनावर फोन. मी काकाजींना म्हटलं, लाइनमननं कळवलंय, काम झालंय, चालू करा. ते म्हणाले, चप्पल बसली आहे. शेवटी माझ्या हातून फोन काढून घेऊन त्यांनी मोठ्या साहेबांना स्वतःच सांगितलं, "साहेब, चप्पल बसून आहे, उठली का देतो." पलीकडे साहेबांनी काय ओरडून विचारलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं: कोणाची चप्पल? काकाजींनी शांतपणे नाव, गाव आणि चपलेचा नंबर सांगितला. बड्या माणसानं तोपर्यंत टॉवेलनं वारा घेत भाषण उरकलं. काकाजींना नोटीस आली, ती त्यांनी वाचून चपलांखाली अंथरली.

मला ते 'मॅडम' कधीच म्हणाले नाहीत. "मॅडम शाळेत राहते. ही खुर्ची साहेबाची आहे, तुम्ही बसले तं तुम्ही साहेब." मी मूळची गोंदियाची, कुडव्याची. आमच्याकडे शेजाऱ्यांशी भांडायचं हिंदीत आणि घरच्यांशी मराठीत. झाडीचं, म्हणजे इथल्या झाडीपट्टीचं, बोलणं मला कळायचं पण जिभेवर यायचं नाही. काकाजींना त्याची फार मौज वाटायची. मी काही विचारलं की म्हणायचे, "साहेब पुस्तकातून बोलून राहिले."

दर तासाला प्रत्येक फीडरवर किती अँपिअर भार आहे ते वहीत लिहायचं, हे ऑपरेटरचं काम. बाकीचे दोघे ऑपरेटर चार तासांचं एकदम लिहून मोकळे व्हायचे. काकाजी मात्र काट्यासमोर उभे राहायचे आणि काट्याकडे पाहून गाव वाचायचे. काटा जरा उचलला की "उठली टोली," म्हणजे वस्ती जागी झाली. अजून उचलला की "राइस मिल सुरू झाली, मालक सासुरवाडीहून आला म्हणायचा." वहीत शेराच्या रकान्यात बिघाड सोडून काही लिहायचं नसतं. त्यांचे शेरे असे: 'भार वाढला, लगीन', 'भार कमी, सगळे धान रोवाले गेले', 'भार वाढला, कारण समजलं नाही, इचारतो'. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपुढे बारीक अक्षरात: 'जावई आला, नवा कूलर.' तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ही वही अर्धा तास वाचली आणि रागवायचं ते विसरून गेले.

भारनियमनात एखादा फीडर बंद करावा लागला की ते उपकेंद्राच्या खोलीतला पंखाही बंद करायचे. मे महिना असो, नाहीतर काही असो. मी कुरकुरायचे. "त्याइचं बंद तं आपलंबी बंद. पंख्याखाली बसून कोणाची लाइन तोडाले बरं नाही वाटत." मग आम्ही दोघं घाम पुसत बसायचो, आणि मी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायचे.

फोनवर तर त्यांचा दरबारच भरायचा. नंबर सगळ्यांकडे होता, मधे मी कोणी नव्हतेच. कोणी म्हणालं, लाइन गेली, की त्यांचा पहिला प्रश्न: "तुमच्याच घरची गेली का पुऱ्या टोलीची?" दुसरा प्रश्न: "घरी पाव्हणे आहेत का?" पाहुणे असले की तक्रार वरच्या नंबरावर. सगळ्यात जास्त फोन यायचे ते तलावापलीकडच्या टोलीतल्या चक्कीवाल्या बाईचे. तिची आटाचक्की होती, लाइन गेली की दळण थांबायचं, आणि दळण थांबलं की तिचं तोंड सुरू व्हायचं. ती काकाजींना आधी मराठीत शिव्या द्यायची आणि मराठी कमी पडली की घरच्या पोवारी बोलीत. काकाजी फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकायचे. एखाद्या वेळी लाइन गेली आणि पाच मिनिटांत तिचा फोन आला नाही तर काळजीनं म्हणायचे, "बाईची तब्येत बरी नाही वाटते."

जुन्या व्यवस्थेत गावची वीज गेली हे सगळ्यात शेवटी कळायचं ते वीज देणाऱ्याला, ही गोष्ट मला नोकरीत येईपर्यंत माहीत नव्हती. उपकेंद्रातून लाइन बाहेर पडली की पुढे ती कुठे तुटली, कुठल्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज उडाला, शेवटच्या घरी दिवा लागतो की बल्बची नुसती तार तांबडी होते, हे आम्हाला कोणी सांगितलं तरच कळणार. आमच्याकडे सांगणारी होती चक्कीवाली.

मग आमच्याकडे नवी व्यवस्था आली. सगळीकडे आली तशीच आली, आधी पाटी, मग उद्घाटन, मग यंत्रं. घराघरांत असे मीटर बसले की वीज गेली तर जाता जाता ते स्वतःच कळवतात. खांबांवर असे स्विच आले की दूरच्या शहरातल्या नियंत्रण केंद्रात बसलेला माणूस ते उघडतो आणि मिटतो, आणि कधी कधी तर माणूसही लागत नाही, ते आपलं आपण ठरवतात. राइस मिलच्या छपरावर सौरपट्ट्या बसल्या, गिरणी बंद असली की तिची वीज उलटी आमच्याकडे यायला लागली. आणि आमच्या खोलीत, काकाजींच्या काट्यांच्या शेजारी, एक मोठा पडदा लागला. त्यावर आमचे सगळे फीडर रेघांनी काढलेले: लाल म्हणजे जिवंत, हिरवी म्हणजे मेलेली. मी त्या पडद्यावर लट्टूच झाले होते. प्रशिक्षणाला जाऊन आले होते, मला सगळं येत होतं, आणि काकाजींना शिकवायची मला हौस दांडगी.

"काकाजी, ही हुशार व्यवस्था आहे."

"अस्सं? वर्गात हुशार पोट्टा एक असला तं बरं असते साहेब. सगळेच हुशार निघाले तं मास्तरनं घरी जावं का?"

मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजवायला गेले. म्हटलं, आतापर्यंत आपली वीज म्हणजे मालगुजारी तलावाचं पाणी. तलावातून पाटात, पाटातून पहिल्या बांधीत, मग दुसऱ्या, आणि शेवटच्या बांधीवाल्याला उरलं तर उरलं. आता प्रत्येक बांधीत विहीर खणल्यासारखं झालंय. ज्याच्याकडे जास्त झालं तो पाटात सोडतो. आणि आपला पाट शेवटी शेजारच्या तलावाच्या पाटाला जोडलाय. इकडून पाणी तुटलं तर तिकडून येतं.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. तंबाखू चोळत म्हणाले, "पाणी उलटं चढते का कधी?"

"वीज चढते."

"पुस्तकात चढत असन."

त्यावर मी हात टेकले. नव्या नियमाप्रमाणे, माणूस खांबावर पाठवायचा असेल तर ब्रेकर पाडण्याआधी पडद्यावर त्या फीडरवर 'काम चालू' अशी खूण टाकायची. खूण टाकली की सगळे स्वयंचलित स्विच गप्प बसतात. काकाजी खूण टाकत नसत. "कोणाले दाखवाले टाकू? चप्पल दिसून राहिली ना सगळ्याइले." मग मी एक युक्ती काढली. त्यांनी कुणाच्या चपला ठेवून घेतल्या की मी माझ्या संगणकावरून गुपचूप खूण टाकायचे. काम झालं की गुपचूप काढायचे. त्यांचा मान राहायचा, माझा नियम राहायचा. फार हुशार वाटायचं मला तेव्हा.

उन्हाळी धानाच्या कापणीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी वादळ झालं आणि तलावापलीकडच्या टोलीजवळ एका खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला. सकाळी आमचा लाइनमन आला. पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, फटकळ, कामाला वाघ. त्यानं चपला टेबलावर ठेवल्या, बूट चढवले, फोन बंद करून पिशवीत टाकला. काकाजींनी ब्रेकर स्वतःच्या हातानं पाडला, त्यावर 'माणसे काम करीत आहेत' ही पाटी अडकवली, कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या खिशात ठेवली. तीस वर्षं जसं केलं तसंच, तसूभर कमी नाही. चढण्याआधी लाइन तपासायची, जमिनीला जोडणारी रॉड तारेला अडकवायची, असाही नियम असतो. पण ब्रेकर काकाजींनी पाडलाय म्हटल्यावर आमच्याकडे कोणी पुन्हा तपासत नसे. रॉड मोटरसायकलला बांधलेली असायची आणि बांधलेलीच परत यायची.

आणि मी नव्हते. मी सौंदडकडे नवे मीटर बघायला गेले होते. खूण टाकायला खोलीत कोणी नव्हतं.

मी परत आले, घटाघटा पाणी प्याले, आणि पडद्याकडे पाहिलं. तलावाकडच्या फीडरचा ब्रेकर हिरवा होता आणि पुढची सगळी रेघ लाल.

काय झालं होतं ते मला क्षणात कळलं. यंत्राला दिसलं की टोलीची वीज गेली. काम चालू आहे असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं समजायचं ते समजलं, की बिघाड झालाय, लोक खोळंबलेत. ठरल्याप्रमाणे काही मिनिटं थांबून त्यानं लाइनच्या दुसऱ्या टोकाचा स्विच मिटवला आणि शेजारच्या उपकेंद्राची वीज मागच्या बाजूनं टोलीला दिली. मदतच केली त्यानं.

"काकाजी, तलावाकडच्या लाइनवर कोणी आहे का?"

"आहे ना. चपला नाही दिसत का?"

"लाइन चालू आहे."

"मी पाडली."

"तिकडून चालू झाली आहे. मागून!"

त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. काटा शून्यावर होता. असणारच, आमच्याकडून काही जातच नव्हतं. "हे पाहा. शून्य. तुमचा पडदा काही सांगन." एवढं बोलून ते थांबले, कारण माझा चेहरा त्यांना दिसला असावा. मी लाइनमनला फोन लावला. बंद. नियमच होता तसा.

काकाजींनी फोन उचलला आणि वहीत न बघता नंबर फिरवला.

"बाई, चक्की चालू आहे का बंद?"

पलीकडून चक्कीवाली गरजली. ती फोनवर नेहमी गरजूनच बोलायची, त्यामुळे मलाही स्पष्ट ऐकू येत होतं. "चालू आहे ना! दहा मिनिटं झाले. आज तं लवकर आणली बाप्पा तुम्ही!" आणि तिच्या मागे चक्कीचा घरघराट.

काकाजींचा आवाज हलला नाही. "बाई, चक्की सोड. तुह्या घरामागच्या खांबावर आपला माणूस चढून राहिला. लाइन चालू आहे. धाव. पाय धर त्याचा, काही कर, पण वरती जाऊ देऊ नोको."

तिनं काही विचारलं नाही. फोन तिथेच टाकल्याचा आवाज आला, आणि मग फक्त चक्की.

तोवर मी माझ्या मोबाइलवरून नियंत्रण केंद्र गाठलं होतं. एक अनोळखी आवाज म्हणाला, "मॅडम, परमिटचा कोड सांगा."

"कोड नाही, खूणच टाकलेली नाही. खांबावर माणूस आहे आणि लाइन जिवंत आहे."

मग तो म्हणाला, "कुठला स्विच?" मी सांगितला. "उघडतोय. फोन ठेवू नका."

आम्ही दोघं उभे. एका फोनवर तो, दुसऱ्या फोनवर चक्की. रिकाम्या खोलीत चक्की घरघरत होती आणि आम्ही सडकेच्या या टोकाला ती ऐकत होतो. मी आयुष्यात कुठला आवाज इतका लक्ष देऊन ऐकला नसेन.

आणि चक्की थांबली. घरघर उतरत गेली, उतरत गेली, गप्प झाली.

"गेला," काकाजी म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

त्यांना असं का वाटलं हे मला सांगायलाच हवं. जिवंत तारेला माणूस लागला की लाइन पडते. जुन्या दिवसांत उपकेंद्रात बसलेल्या माणसाला एवढंच कळायचं, की लाइन पडली. फांदीनं पडली, वानरानं पडली की माणसानं, ते कोणीतरी धावत येऊन सांगेपर्यंत कळायचं नाही. त्यांच्या तीस वर्षांत असं धावत येऊन सांगणं दोनदा झालं होतं. चपलांचा नियम त्यातल्या दुसऱ्या वेळेनंतरचा.

मी पडद्याकडे पाहिलं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली होती. ती मी मोठ्यानं वाचली. 'स्विच उघडला. कारण: केंद्राचा आदेश. दोषप्रवाह: नाही.'

"म्हंजे?"

"म्हणजे लाइन आपण बंद केली. कोणाला लागून पडली नाही."

"पक्कं?"

"पक्कं, काकाजी." मी ती ओळ पुन्हा वाचली. माझ्यासाठीच वाचली.

त्यांचा विश्वास बसला की नाही, देव जाणे. फोन कानाला घट्ट धरून ते बसून राहिले. मग पलीकडे धापांचा आवाज आला, आणि चक्कीवाली बोलली, "उतरला बाप्पा, उतरला! मले शिव्या देऊन राहिला!"

"देऊ दे," काकाजी म्हणाले. "देऊ दे, बाई. देऊ दे." आणि फोन धरलेल्या हातावरच कपाळ टेकवून बसले. मी हसत होते.

झालं होतं ते असं. ती पोचली तेव्हा लाइनमन पुरुषभर उंचीच्याही वर गेला होता. तिला धावत येताना पाहून त्याला वाटलं, आली नेहमीसारखी भांडायला. "अर्ध्या घंट्यात देतो लाइन, बोंबलू नोको!" असं ओरडून तो आणखी चढला. लाइन आलेली आहे हे ती सांगत होती, आणि ती लाइन मागते आहे असं त्याला वाटत होतं. शेवटी तिनं उडी मारून त्याचा पाय धरला. बूट निघून तिच्या हातात आला. बूट घ्यायला म्हणून तो शिव्या देत खाली उतरला. आमची लाइन त्यानंतर मेली.

अहवाल लिहायला मी संध्याकाळी बसले, तेव्हा खरं सांगते, मी शब्द शोधत होते. तांत्रिक अडचण, समन्वयाचा अभाव, असलं काहीतरी. काकाजी समोर येऊन उभे राहिले. "सरळ लिवा साहेब. ऑपरेटरनं खूण टाकली नाही, असं लिवा. नाही लिवलं तं दुसऱ्या उपकेंद्रात दुसरा कोणी मरन." मग मी तेही लिहिलं आणि माझंही लिहिलं: खूण रोज मी लपून टाकत होते, ऑपरेटरला ती टाकायला कधी लावलं नाही. आम्हा दोघांना लेखी समज मिळाली. माझी मी जपून ठेवली आहे. पुढे सगळ्या उपकेंद्रांना पत्र निघालं, की दोन टोकांच्या लाइनवर दोन्ही टोकं कुलूपबंद केल्याशिवाय आणि खांबाखाली तपासल्याशिवाय कोणी चढायचं नाही.

काकाजी पडदा शिकले. एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून, रोज जरा जरा. खूण टाकताना प्रत्येक वेळी पडद्याला मोठ्यानं सांगायचे, "आपला माणूस चढून राहिला बापू, मदत करू नोको." चपलाही ठेवून घ्यायचेच. फक्त एक नवं झालं. लाइनमन निघाला की पूर्वी ते म्हणायचे, जा, लाइन मेली. आता म्हणायचे, "मी सांगून राहिलो म्हणून मानू नोको. तपासजो." हे वाक्य त्यांच्या तोंडून निघताना त्यांना किती जड जायचं ते मी पाहिलंय.

मग ते निवृत्त झाले. आमचं उपकेंद्र आता कुलपात असतं. दूर बसलेली माणसं ते चालवतात, आणि चांगलं चालवतात, मी उगाच हळहळणार नाही. बिघाड आम्हाला गावाआधी कळतो. चक्कीवालीला आता आम्ही फोन करतो की बाई, वीस मिनिटं लागतील, आणि तिला शिव्या द्यायची सोयच राहिली नाही, याचा तिला फार राग आहे. काकाजींनी गावच्या घरावर सौरपट्ट्या लावल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला अंगणात उभं करून ते मीटर दाखवतात, आणि वीज उलटी कशी चढते ते मी त्यांना सांगितलं नसेल इतक्या तपशिलानं सांगतात.

पण काकाजी म्हटलं की मला आधी आठवते ती लाइन मागून चालू झाली त्याच दिवशीची दुपार. दोनचा सुमार होता. दोन्ही टोकं बंद करून, तपासून, रॉड अडकवून इन्सुलेटर बदलून झाला होता. लाइनमन परत आला, एका बाकड्यावर बसला आणि डबा उघडला. अजून धुसफुसत होता. काकाजी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. भात त्यानं कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला. काकाजींची नजर त्याच्या हाताबरोबर डब्यातून तोंडाकडे जात होती.

"काऊन पाहून राहिले, काकाजी?"

"जेव."

"त्या चक्कीवालीले समजावून सांगा बाप्पा. चांगली बाई आहे, पण माणसाचा असा पाय ओढते का कोणी? खरचटलं पाहा." मग भात कालवत, "कम्प्युटरनं घात केलता म्हणे?"

"कम्प्युटरनं नाही," काकाजी म्हणाले. "त्याले सांगाचं होतं, मी सांगतलं नाही. मी केलता. मी तुले मारलं असतं, बापू, आज."

लाइनमनचा हात डब्यातच राहिला. त्यानं काकाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा उठेल, डबा फेकेल, काहीही बोलेल, आणि त्याला तो हक्क होता.

त्यानं हातातला घास पुरा कालवला, तोंडात घातला, सावकाश चावून गिळला.

"मारलं असतं," तो म्हणाला. "मारलं तं नाही ना. मंग? लोणचं असन तं द्या, भाजी अळणी आहे."

काकाजी उठले. बरणीचं झाकण त्यांना निघेना, म्हणून ते मी काढून दिलं. त्यांनी लोणचं वाढलं, पुन्हा समोर बसले, आणि तो शेवटचं शीत संपवून हात धुवायला उठेपर्यंत तिथून हलले नाहीत.